बार्बेक्यूवरची कल्हई

कॅप्सूलची बाटली उघडली की स्वयंपाकघरात सडक्या अंड्यांचा वास सुटायचा. श्यामला ठोसरने आयुष्यात कधी अंडं खाल्लं नव्हतं, आणि आता बावन्नाव्या वर्षी ती तसल्या वासाच्या सहा सहा कॅप्सूल एका वेळी गिळत होती. पहिले पाच दिवस तीनदा, पुढचे चौदा दिवस दोनदा. नरेंद्रने त्याची एक्सेल शीट करून फ्रिजवर चिकटवली होती. तिच्या नवऱ्याला कुठलीही काळजी आली की तो आधी तिचे रकाने पाडायचा.

तिच्या रक्तात शिसं होतं. एकोणीस वर्षं सिडनीच्या टूनगॅबीत राहणाऱ्या, सेव्हन हिल्सच्या मालवाहतुकीच्या ऑफिसात कंटेनरचे कागद भरणाऱ्या, रंगाच्या डब्याला कधी हात न लावलेल्या बाईच्या रक्तात शिसं.

वर्षभर तिचं काहीतरी बिनसलेलंच होतं. पोटात पीळ पडायचा. मनगटं दुखायची. कंटेनरचा नंबर एका कागदावरून दुसऱ्यावर उतरवताना मधले दोन आकडे उलटे व्हायचे आणि मॅनेजर गोड आवाजात विचारायचा, "एव्हरीथिंग ओके ॲट होम, श्याम?" ती चिडायची. नरेंद्रवर, टोस्टरवर, कॅनबेराच्या युनिव्हर्सिटीतून फोन न करणाऱ्या मुलावर, शार्दूलवर. "हे वयच तसं आहे," असं तीन मैत्रिणींनी सांगितलं आणि तिने ते मानलंही. शेवटी डॉक्टर श्रीनिवासांनी हिमोग्लोबिन का उतरतंय म्हणून रक्त पाठवलं. लॅबवाल्याला पेशींवर निळे ठिपके दिसले आणि पुढची तपासणी झाली. बावन्न. शिशाचा आकडा पाचच्या वर गेला की इथे आरोग्य खात्याला कळवावं लागतं.

"वयाइतकाच आकडा," नरेंद्र म्हणाला. त्याला वाटलं ती हसेल.

आरोग्य खात्याच्या नर्सचा फोन आला तेव्हा श्यामला डायनिंग टेबलाशी सरळ बसून उत्तरं देत होती, जणू व्हिसाची मुलाखत. घर किती जुनं? रंग खरवडला का? गळ टाकून मासे पकडता का? काजळ, कुंकू, बाहेरून आणलेली हळद? चकचकीत मुलाम्याची मातीची भांडी? नाही, नाही, थोडंसं कुंकू, हळद इथलीच, मातीची भांडी नाहीत. आणि बाहेरून मागवलेली औषधं?

"हो," श्यामला म्हणाली, आणि तिला सुटल्यासारखं वाटलं. गुडघ्यांसाठी तिचा पुण्याचा आतेभाऊ दर सहा महिन्यांनी काळ्या गोळ्या पाठवायचा. कसल्याशा भस्माच्या. नर्सने त्या तपासायला मागवून घेतल्या. नरेंद्रचंही रक्त तपासलं, ते सहा निघालं. तो गोळ्या घेत नव्हता, तेव्हा हिशेब जुळला. आतेभावाला श्यामलाने व्हॉट्सॲपवर असा एक मेसेज लिहिला की त्या घराशी बोलणंच खुंटलं.

हॉस्पिटलमधली विषतज्ज्ञ डॉक्टर उंच, हळू बोलणारी होती. तिने कागदावर दोन वर्तुळं काढली. "हे औषध शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. पण दार बंद असेल तरच उपयोग. बाहेरून शिसं येतच राहिलं, तर आपण वरून नळ चालू ठेवून खालून बादली उपसतोय."

"आणि व्हिटॅमिन?" नरेंद्रने विचारलं. त्याने आदल्या दिवशी बरंच वाचलं होतं. "सी आणि ई. अँटिऑक्सिडंट."

"घेऊ द्या. शिसं पेशींवर जो मारा करतं, त्याला थोडा आडोसा होतो. बी-वन पण देऊ. पण शिसं बाहेर काढणं हे त्यांचं काम नव्हे, मिस्टर ठोसर. ती फक्त सोबत."

नरेंद्रला सोबत हा शब्द फार पटला असावा. दुसऱ्या दिवशी ओट्यावर नऊ बाटल्या उभ्या होत्या.

"एवढ्या?" श्यामला म्हणाली. "मी माणूस आहे की फार्मसी?"

"तीन सीच्या आहेत. ऑफर होती."

त्या तीन आठवड्यांत तिला अन्न नकोसं झालं. वासानेच मळमळायचं. अंगावर पुरळ उठलं, ते गेलं. दर आठवड्याला रक्त द्यायचं, लिव्हर बघायचं, पांढऱ्या पेशी बघायच्या. बाहेर कुणाला तिने खरं सांगितलं नाही. "हिमोग्लोबिन कमी आहे," एवढंच. शिसं म्हटलं की लोक पुढचा प्रश्न विचारणार, कशातून? आणि गोळ्यांचं सांगावं तर मंडळातल्या बायका दोन तट करून तासभर आयुर्वेदावर भांडणार.

स्वरदालाही तिने हिमोग्लोबिनच सांगितलं होतं.

स्वरदा शेजारच्याच गिरावीनला राहायची. तिशीतली, सॉफ्टवेअर टेस्टर, नवरा वेद बँकेच्या आयटीत. गणपतीत ओळख झाली आणि मग ती पोरगी घरातलीच झाली. तिला दिवस राहिले, आईचा व्हिसा बाळंतपणाच्या सुमाराचा, आणि तोंडाला काही चव नाही. एका गुरुवारी श्यामलाने आमसुलाचं सार केलं होतं, ते बरणीतून नेऊन दिलं. स्वरदाने दारातच झाकण काढून तोंडाला लावलं. "काकू, हे मला रोज पाजा," ती म्हणाली. रोज नाही, पण दर गुरुवारी ठरलं, कारण गुरुवारी स्वरदा घरून काम करायची. कधी सार, कधी पंचामृत, कधी चिंचगुळाची आमटी. श्यामलाला मुलगी नव्हती. डोहाळे पुरवणं म्हणजे काय, हे तिच्या आईने तिच्या वेळी केलं तेवढंच तिला माहीत, आणि ते ती मन लावून करत होती. कॅप्सूलमुळे स्वतःच्या पोटात पाणी ठरत नसतानाही गुरुवारचं सार तिने चुकवलं नाही. नाक फडक्याने बांधून तिने ते ढवळलं.

एकोणीस दिवसांनी आकडा एकवीसवर आला. नरेंद्रने शीटवर हिरवा रंग भरला. श्यामलाला भूक लागू लागली. सगळ्यात आधी तिला आंबटच हवंसं वाटलं. ती भातावर सार घेऊन दोन्ही वेळ जेवली, उरलेलं सार कपात घालून संध्याकाळी प्यायली. नरेंद्रला ॲसिडिटी, तो आंबटाच्या वाटेला जायचा नाही.

चार आठवड्यांनी आकडा चव्वेचाळीस.

"हाडांमध्ये साठलेलं परत रक्तात उतरतं," डॉक्टर म्हणाली. "थोडं वर जाणार, हे आपण धरलं होतं. एवढं नाही. आणि तुमच्या गोळ्यांचा रिपोर्ट आला. शिसं आहे, पण किरकोळ. बावन्नला न्यायला पुरणार नाही. घरात अजून काहीतरी आहे."

घरी आल्यावर नरेंद्र शीट उघडून बसला आणि श्यामला घरभर फिरू लागली. बाथरूमचा नळ, देवघरातली कुंकवाची डबी, खिडकीच्या चौकटीचा रंग. मसाल्याचे डबे तिने ओट्यावर काढले आणि परत ठेवले. पुन्हा काढले. खुर्चीत बसवेना. गोळ्या थांबल्यात, तरी आकडा वर. म्हणजे औषधाच्या दिवसांत जे थांबलं आणि नंतर सुरू झालं, असं काय? त्या दिवसांत ती काय खात नव्हती?

सगळंच खात नव्हती. पण परतल्यावर आधी काय खाल्लं?

तिने फ्रिज उघडला. सार काचेच्या बाटलीत होतं. बाटली स्वच्छ. आमसुलं वसईची, पाकीटबंद, ती कुणालाच बाधली नाहीत. मग तिने ओट्याखालच्या कपाटातून पितळी पातेलं काढलं.

ते तिच्या सासूबाईंचं. सार त्यातच व्हायचं आणि दुपारपर्यंत त्यातच मुरायचं, तशीच चव येते म्हणून. दीड वर्षापूर्वी त्याची कल्हई उडून पितळ उघडं पडलं, आणि सिडनीत कल्हईवाला कुठून आणायचा? नरेंद्र म्हणाला, मी करतो. जन्मभर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काढलेला माणूस. व्हिडिओ पाहिले, पुण्याहून येताना नवसागराची पुडी आणली, आणि एका रविवारी दुपारी मागच्या अंगणात बार्बेक्यूवर पातेलं लालबुंद तापवलं. पांढऱ्या धुराचा लोट उठला. शेजारचा म्हातारा कुंपणावरून डोकावून म्हणाला, "स्मेल्स ऑफुल, मेट. व्हॉट्स फॉर डिनर?" नरेंद्रने कापसाच्या बोळ्याने आतून चांदी फिरवली आणि पातेलं पाण्यात बुडवून वर धरलं, तेव्हा तो वीस वर्षांनी तरुण दिसत होता. श्यामलाने ते पातेलं मंडळात मिरवलं होतं. ज्या बायकांना नवरे साधा बल्ब बदलून देत नव्हते, त्यांनी ते हातात घेऊन पाहिलं होतं.

आता तळाशी ती चांदी करडी, डागाळलेली दिसत होती.

"नरेंद्र," ती म्हणाली, "कल्हईला कथील कुठलं वापरलंस?"

"कथीलच. म्हणजे..." तो स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाला. "सोल्डर. डाख द्यायची तार, माझ्याकडची जाड." मग त्याची बोटं कीबोर्डवरच राहिली. तो उठला आणि गराजमध्ये गेला.

बराच वेळ झाला तरी आला नाही, म्हणून ती मागोमाग गेली. तो टूलबॉक्सशेजारी उकिडवा बसला होता. हातात तारेचं रीळ.

"काय लिहिलंय त्यावर?"

"साठ-चाळीस."

"साठ काय?"

"कथील."

"आणि चाळीस?"

त्याने रीळ उलटं केलं, जणू मागच्या बाजूला वेगळं काही लिहिलेलं असेल.

"मला माहीत होतं ना गं," तो म्हणाला. "पंचवीस वर्षं वापरतोय. डोक्यात शिसं म्हणून आलंच नाही कधी. सोल्डर म्हणजे सोल्डर."

तिने आधी दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं.

"स्वरदा."

त्याने वर पाहिलं.

"अकरा गुरुवार," श्यामला म्हणाली. "मी मोजलेत. अकरा."

त्या संध्याकाळी त्यांचं भांडण झालं, पण ते भांडण कुजबुजत, जणू शेजाऱ्यांना मराठी समजणार होतं. नरेंद्रचं म्हणणं, आधी पातेलं तपासायला देऊ. खात्री करू. खात्रीशिवाय गरोदर बाईला घाबरवणं बरं नव्हे.

"रिपोर्टला किती दिवस?"

"गोळ्यांना पाच आठवडे लागले."

"पाच आठवड्यांत तिला सातवा लागेल."

"सार बंद कर ना तू. आजपासून बंद. तिच्यापुरता प्रश्न मिटला."

"आणि तिच्यात गेलं त्याचं?"

"तिने तुझ्यासारखं बादलीभर थोडंच प्यायलंय. तिला काय सांगणार आहेस? माझ्या नवऱ्याने शिशाची कल्हई केली?"

"हो. तसंच सांगणार."

"मग सांग," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा इतका उतरला की तिने त्या दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ऑफिसात तिने एकच कागद चार वेळा भरला. फोन उचलायची, स्वरदाचं नाव उघडायची, बंद करायची. हात धुवायची. अर्धा चहा टाकून दुसरा करायची.

तिसरा दिवस गुरुवार होता. साडेअकराला स्वरदाचा मेसेज आला. "काकू, आज सार आहे ना? सकाळपासून तेच डोळ्यांसमोर आहे."

श्यामलाने लिहिलं, "आमसुलं संपलीत गं. पुढच्या वेळी."

लगेच उत्तर आलं. "नो वरीज! मागच्या गुरुवारची अर्धी बाटली आहे फ्रिजमध्ये. आता तीच गरम करते."

श्यामलाने फोन लावला. तीन वेळा वाजून थांबला. पुन्हा लावला. ऑफिसच्या मधोमध उभी राहून ती मोठ्याने म्हणत होती, "उचल, उचल." बाजूचे दोघं वळून बघू लागले.

"हां काकू, कॉलवर होते..."

"सार पिऊ नकोस."

"का? खराब झालं असेल?"

"पिऊ नकोस. ओतूनही देऊ नकोस, तसंच ठेव. मी येतेय."

ती मॅनेजरला फक्त "आय हॅव टू गो" म्हणाली. गाडीत बसल्यावर तिने नरेंद्रला फोन केला आणि कुठे चाललीय ते सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "मी पण येतो." ती गिरावीनला पोचली तेव्हा तो आधीच फुटपाथवर उभा होता. हातात पिशवी, पिशवीत ते रीळ.

वेदने दार उघडलं. तोही त्या दिवशी घरून काम करत होता. स्वरदा सोफ्यावर उशी पाठीशी घेऊन बसली होती, आणि तिच्यासमोर टीपॉयवर साराची बाटली. श्यामलाने उभ्याउभ्याच सांगितलं. तिच्या रक्तातलं शिसं, बावन्न, एकवीस, चव्वेचाळीस, गोळ्या, पातेलं, सोल्डर. मध्ये थांबली असती तर पुढचं तोंडातून निघालं नसतं.

नरेंद्रने रीळ टीपॉयवर ठेवलं. "चूक माझी आहे," तो म्हणाला.

वेदने ते उचललं, वाचलं, आणि अगदी हळू परत ठेवलं. "अंकल, तुम्ही इंजिनियर आहात," तो म्हणाला. एरवी तो त्याला काका म्हणायचा.

स्वरदा टेस्टर होती. तिचे प्रश्न एकामागून एक आले. पहिला गुरुवार कुठला? दर वेळी त्याच पातेल्यात? पंचामृतही? आमटीही? पातेल्यात किती तास राहायचं? ती फोनवर सगळं टिपत होती. मग तिचं बोट थांबलं.

"काकू, पातेल्याचं कधी कळलं तुम्हाला?"

"मंगळवारी."

"आज गुरुवार आहे."

"हो."

"मग मघाशी आमसुलं संपली म्हणालात, ते?"

"खोटं बोलले."

"मी ते प्यायले असते," स्वरदा म्हणाली. "तुमच्या मेसेजवर मी हार्ट टाकलं आणि गॅस पेटवला."

वेदने डॉक्टरला फोन लावला आणि बाल्कनीत गेला. थोड्या वेळाने स्वरदा म्हणाली, "तुम्ही आता जा. बाटली राहू दे, ती तपासायला देऊ."

तिचा आकडा बारा आला, एवढं वेदने कळवलं. नरेंद्रने पातेलं, रीळ आणि उरलेला नवसागर स्वतः नेऊन आरोग्य खात्याच्या हवाली केला, आणि नर्सला सगळं तारखांसह लिहून दिलं. ज्या ज्या बायकांनी ते पातेलं हौसेने पाहिलं होतं, त्या प्रत्येकीला श्यामलाने फोन करून विचारलं, तुझ्याकडे कुणी घरी कल्हई केली का? दोघींनी फोन हातात धरूनच नवऱ्यांना हाक मारली. एकीने "तुझ्या नवऱ्यासारखे उद्योग आमच्याकडे नाहीत," असं सांगून फोन ठेवला. आतेभावाला तिने माफी लिहिली. त्याने निळी खूण झाल्यावर चार दिवसांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

त्यापुढे स्वरदाचं श्यामलाला काही कळत नव्हतं. जे कळलं ते तिच्या स्वतःच्या डॉक्टरकडून, तेही मोघम. पोटुशी बाईला एवढ्या आकड्याला ही कॅप्सूल देत नाहीत, बाळाला त्याचाच धोका असू शकतो. कॅल्शियम पुरेसं द्यायचं, म्हणजे हाडातलं शिसं कमी सुटतं. लोह द्यायचं. शिसं येणं बंद ठेवायचं आणि वाट बघायची. "वाट बघणं हेच उपचार?" श्यामलाने विचारलं. "बऱ्याचदा," डॉक्टर म्हणाली.

श्यामलाची दुसऱ्यांदा कॅप्सूल सुरू झाली. तोच वास, तेच पुरळ. या वेळी तिने शीट फ्रिजवरून काढून टाकली. तिच्या वेळा नरेंद्र आता तोंडपाठ सांगायचा आणि पाण्याचा पेला हातात देऊन उभा राहायचा, ती पेल्यात तोंड खुपसून गिळेपर्यंत. कधी ती त्याच्यावर खेकसायची, "जा ना, माझ्या डोक्यावर उभा राहू नकोस." तो दोन पावलं मागे जायचा आणि तिथे उभा राहायचा.

दर दोन दिवसांनी ती स्वरदाला एक मेसेज लिहायची आणि पुसायची. एकदा पाठवला. "कशी आहेस?" दोन निळ्या खुणा. उत्तर नाही. तिचा स्वतःचा आकडा अठरावर आला, तेव्हा आनंद झाला की नाही हे तिला नीट सांगता आलं नसतं. बारा कुठे गेले, हे कळेपर्यंत अठराला काही अर्थ नव्हता.

सहा आठवड्यांनी, शनिवारी दुपारी ती कपडे वाळत घालत असताना फोन वाजला. स्क्रीनवर स्वरदा.

"सात," स्वरदा म्हणाली.

श्यामला हातातला ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. "बाळ?"

"सोनोग्राफी नॉर्मल आहे. वजन नॉर्मल. जन्मल्यावर नाळेतलं रक्त तपासणार. तोवर कुणी छातीठोक काही सांगत नाही." मग तिने विचारलं, "तुमचा?"

"अठरा."

"चांगलंय."

"मी येऊ का भेटायला?"

"नको, काकू. मला अजून राग आहे."

"असू दे."

"तुम्ही आलात म्हणून कळलं, हेही खरं आहे. वेद म्हणतो दोन्ही खरं असू शकतं. मला एका वेळी एकच जमतंय." तिच्यामागे वॉशिंग मशीनचा आवाज येत होता. "आई येतेय. वीस तारखेला. तिला शिशाचं सांगितलंय, पण कुणाच्या घरचं ते नाही सांगितलेलं."

"सांग तिला."

"तुम्ही सांगा. मला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं नाहीये. ती विचारणार, कुणी पाजलं, का पाजलं, तुला कळलं कसं नाही. मी का उत्तरं देऊ? तुम्ही आणि काका या, आणि तिला सांगा."

"येतो."

"ती रडेल. आणि बोलेलसुद्धा. ती फार बोलते."

"बोलू दे," श्यामला म्हणाली. तिने टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला, आणि तो सरळ नाही म्हणून पुन्हा काढला. "विमान किती वाजता उतरतंय?"